शेवंतीचे रविवार

भोपरच्या गायकरांच्या घरात कुत्रं आणायचं ठरलं आणि त्या दिवसापासून घरातला, शेजारचा, सोयऱ्याधायऱ्यांतला झाडून प्रत्येक माणूस कुत्र्यांचा जाणकार झाला. लॅब्रॅडॉर घ्या, गरीब असतो. पग घ्या, दिवसभर झोपतो. पॉमेरियन अजिबात नको, आमच्या साडूंना चावला. ज्यांच्या दारात उभ्या जन्मात मांजर टिकलं नाही, तेही छातीवर हात ठेवून सल्ले देत होते. हितेश तर दोन महिने मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. कुठल्या जातीचं वजन किती, उंची किती, भुंकणं केवढं, हे तो उपवर मुलीचा बाप स्थळांची चौकशी करतो तशा बारकाईने तपासत होता.

कुत्रं हवं होतं ते चार वर्षांच्या हर्षितसाठी. हर्षित एकुलता एक. घर चार मजल्यांचं, खाली भाडेकरूंची दुकानं, आणि पोराला खेळायला सोबती कोणी नाही. हितेशचे वडील काळुराम, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, त्यांचं तर सरळ म्हणणं होतं की जनावर नसलेलं घर भुंडं दिसतं. आबा बैलांचे माणूस. बैलगाड्यांच्या बिनजोड शर्यतीत त्यांच्या बैलांनी कधीकाळी भलेभले मागे टाकले होते. मग शेतावर इमारत उभी राहिली, गोठ्याच्या जागी पार्किंग आलं, पण आबांची नजर बैलाचीच राहिली. समोर कुठलंही जनावर आलं की ते आधी खांदा बघत, मग पाय, मग डोळा. माणसालाही ते तसंच बघतात अशी त्यांच्या सुनेला पक्की शंका होती.

ही सून म्हणजे निशिगंधा. या सगळ्या गदारोळात एक शब्द न बोलणारी घरातली एकटीच. लोकांना वाटे, तिला कुत्र्याची भीती वाटत असेल. भीती वाटत होती हे खरं, पण कुत्र्याची नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. डोंबिवली स्टेशनबाहेर एक माणूस टोपलीत रंगवलेली कोंबडीची पिल्लं घेऊन बसला होता. हर्षितने हट्ट धरला, आणि हर्षितने हट्ट धरला की तो पुरवायचा, एवढा एकच कायदा त्या घरात होता. हिरवं पिल्लू घरी आलं. निशिगंधा कुकरची शिटी मोजायला आत गेली आणि पाच मिनिटांनी बाहेर आली, तेव्हा हर्षितने पिल्लू दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. मायेनंच धरलं होतं. इतक्या मायेनं, की पिल्लाचा जीव गेला होता. तिने एकेक बोट उलगडून मूठ सोडवली. पोराने पिल्लाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाला, “दुसरं दे.”

तो रडला नाही, घाबरला नाही. ते दोन शब्द निशिगंधाच्या डोक्यातून नंतर कधी गेलेच नाहीत. तिने पिल्लू गच्चीवर कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं आणि घरात सांगितलं, घारीने नेलं. त्यानंतर बालवाडीच्या बाईंनी दोनदा बोलावून घेतलं. हर्षित मुलांना मिठी मारतो, मुलं रडली तरी सोडत नाही, म्हणाल्या. मुलांना असं होतं, मोठी झाली की कळतं, असंही म्हणाल्या. पण ज्या आईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, तिला अशाने झोप लागत नाही. आपल्या पोटच्या पोरात काहीतरी कमी आहे, काहीतरी जे इतरांना जन्मतः मिळतं ते याला मिळालंच नाही, असं तिला वाटे. हे कोणाजवळ बोलायची सोय नव्हती. आईने असं बोलायचं असतं का?

म्हणून सगळं जग जेव्हा विचारत होतं की पोराला चावणार नाही असं कुत्रं कोणतं, तेव्हा निशिगंधा मनातल्या मनात उलटाच प्रश्न विचारत होती.

हितेशने शेवटी ग्रेट डेन पक्का केला. टिटवाळ्याच्या पुढे कोणाच्या तरी फार्महाउसवर होता. सगळे बघायला गेले. एका वर्षाचा तो कुत्रा उठून उभा राहिला तेव्हा निशिगंधा आपोआप दोन पावलं मागे सरली. हितेशने त्याची छाती थोपटली, पाठीवर जोर देऊन पाहिला, ओठ वर करून दातसुद्धा पाहिले. बापाचा गुण पोरात उतरलाच होता. आबा कंबरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले.

“खांदा झ्याक हाय,” ते म्हणाले. “पन ह्याला घरान पालाचा का बैलगारीला जुपाचा?”

कुत्रा तसा स्वभावाने चांगला होता. हर्षितच्या तोंडासमोर तोंड आणून त्याने हुंगलं आणि शेपटी हलवली. हितेशला तर तो मनापासून आवडला. “हाच घेऊ,” तो परत परत म्हणत होता, “एवढा मोठा बघून बरं वाटतं.” निशिगंधाला वाटलं, झालं, गावात मिरवायला एक वस्तू मिळाली. पहिल्यांदाच ती बोलली. ठाकुर्लीला एक बाई आहेत, लॅब्रॅडॉर पाळतात, माणूस पाहिल्याशिवाय पिल्लू देत नाहीत असं ऐकलंय. त्यांना एकदा भेटू आणि मग तुम्ही म्हणाल ते. बायकोने दोन महिन्यांत तोंड उघडलं याचंच हितेशला एवढं नवल वाटलं की तो हो म्हणाला.

रविवारी सकाळी ते ठाकुर्लीला पोचले. रेल्वेच्या जुन्या क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीत योगिनीताई परबांचं बैठं घर होतं. पुढे भिंतीने बंदिस्त अंगण, एका कोपऱ्यात चाफा, दुसऱ्या कोपऱ्यात आठ पिल्लांचा कालवा. ताई साठीच्या आसपास. तीस वर्षं नर्स होत्या, आणि तपासणीला आलेल्या पेशंटकडे बघावं तशाच त्या सगळ्यांकडे बघत. गुडघ्यांना पट्टे बांधलेले. चहा आला, पण पिल्लं दाखवायच्या आधी प्रश्न सुरू झाले. घरी दिवसभर कोण असतं? मूल झोपतं कधी? हट्ट केला तर काय करता?

“देऊन टाकतो,” हितेश हसत म्हणाला. “एकच तर आहे.”

“स्वभावाने कसा आहे?”

“एकदम शांत,” हितेश म्हणाला. त्या वेळी हर्षित आईच्या मांडीवरून सुटायला असा धडपडत होता की तिचा पदर फाटायचा बाकी होता.

ताईंनी उठून पिल्लांचं कुंपण उघडलं. आठही जणं धावत सुटली. सगळ्यांत पुढे एक दांडगट पिल्लू, दोघांना तुडवून, एकाला चावून, थेट हितेशच्या बुटावर चढलं. हितेशचा चेहरा उजळला. शर्यतीच्या घरातला माणूस. जो पुढे येतो तोच खरा, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. “हा! आबा, हा बघा. काय तेज आहे!” आबांनीही मान डोलावली.

“लहान मुलाच्या घरी सगळ्यांत शेवटी मी हाच दिला असता,” ताई म्हणाल्या.

निशिगंधाचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. घराच्या उंबऱ्यावर एक तपकिरी लॅब्रॅडॉर कुत्री पडली होती, चांगली थोराड. ती या पिल्लांची आजी असल्याचं ताई मघाशी म्हणाल्या होत्या. नाव शेवंती. एक पिल्लू तिच्या कानाला लोंबकळत होतं. शेवंतीने आधी मान फिरवली. पिल्लाने सोडलं नाही. मग ती उठली आणि शांतपणे अंगणाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसली. भुंकणं नाही, चावणं नाही. पिल्लू तोंड वासून तिच्याकडे बघत राहिलं.

“तुम्ही आल्यापासून काहीच विचारलं नाहीत,” ताई अचानक निशिगंधाला म्हणाल्या. “आईला काही विचारायचं नाही?”

निशिगंधाने वर पाहिलं. विचारायचं नाही असं ठरवूनच ती आली होती. पण त्या बाईच्या डोळ्यांत काहीतरी होतं. तीस वर्षांत तिने काय काय पाहिलं असेल, तिच्यापुढे लपवण्यात अर्थ नाही असं वाटायला लावणारं.

“ताई, कुठल्या जातीचं कुत्रं...” तिने हर्षितला मांडीवर नीट बसवलं. तिने परत सुरुवात केली. “कुठल्या जातीचं कुत्रं माझ्या मुलाच्या हातून वाचेल?”

मग निशिगंधाने सगळं सांगितलं. नवऱ्यासमोर, सासऱ्यांसमोर. पिल्लू, मूठ, कुंडी, घारीचं खोटं, बालवाडीच्या बाई. “दुसरं दे” हेही सांगितलं. सांगताना ती हर्षितच्या केसांतून हात फिरवत होती आणि हितेशकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती.

योगिनीताईंनी तोंडावर हात नेला नाही की अरेरे म्हटलं नाही. “लोक लॅब्रॅडॉर नेतात, कारण तो सोसतो,” त्या म्हणाल्या. “पण सोसणारा मिळाला की मूल काहीच शिकत नाही. आणि सोसण्यालाही तळ असतो. तो लागला की एक दिवस चावा बसतो, आणि दोष येतो कुत्र्यावर. तुम्ही खरं बोललात, म्हणून मीही खरं सांगते. पिल्लू मी तुम्हाला देणार नाही. माझ्याकडचं नाही, आणि माझं ऐकाल तर कोणाकडचंच घेऊ नका.”

हितेशच्या कानशिलाच्या शिरा ताठ झाल्या. गायकरांना तोंडावर नाही म्हणणारं माणूस त्याला बऱ्याच वर्षांत भेटलं नव्हतं. “अहो मॅडम, आम्ही काय कसाई वाटलो का तुम्हाला? दहा ठिकाणी मिळतील पिल्लं,” तो उठलाच.

“बस खाली,” आबा म्हणाले. “ती बाय बराबर बोलते.”

आबा आतापर्यंत खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. आता ते एकेक शब्द तोलून बोलू लागले. “हितेश, खोंडाच्या जोरीला आपन खोंड जुपलाय कदी? दोगं मिलून गारी खड्ड्यान घालतील. नवा खोंड शिकवाचा तर बाजूला जुना बैल लागतो. तो मारीत नाय, ढोसीत नाय. आपल्या चालीनी नुसता चालतो. खोंड कुदतो, ओरतो, आंग टाकतो. जुना बैल हालत नाय. मंग खोंड दमतो आनि त्याचे पायान पाय टाकून चालाला लागतो. येवरी अक्कल आपल्याला व्हती. आनि नातू खोंड हाय, तं त्याचे जोरीला आपन खोंडच बघत फिरतोय दोन मयने! आपलीच अक्कल चराला गेली.”

मग ते ताईंकडे वळले. “बाय, तुमचेकरं जुना बैल हाय का?”

योगिनीताई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. त्यांनी अंगणाच्या पलीकडे बोट दाखवलं. शेवंती सहा वर्षांची. तीन वेतं झाली, नातवंडंही वाढवून झाली. ताईंचे गुडघे गेले होते आणि पावसाळ्याआधी त्या नाशिकला मुलीकडे कायमच्या जाणार होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये त्या स्वतःच कशाबशा मावणार होत्या. पिल्लांना रांग लागत होती, पण सहा वर्षांच्या कुत्रीला कोण विचारतो? “तरी आज देणार नाही,” त्या म्हणाल्या. “चार रविवार या. अंगण तिचं. तिला कोणी हाक मारायची नाही, धरायचं नाही, आमिष दाखवायचं नाही. मी मुलाच्या हाताच्या अंतरावर बसेन. तुम्ही तिघांनी खुर्च्या सोडायच्या नाहीत. आजचा पहिला धरा.”

पिल्लं आत गेली. हर्षितला सोडलं. तो बाणासारखा शेवंतीकडे धावला, दोन्ही हात पसरून. तो तीन पावलांवर पोचला आणि शेवंती उठून दुसऱ्या टोकाला गेली. तो तिकडे धावला, ती इकडे आली. एकदा, पाचदा, दहादा. ती पळत नव्हती, घाबरत नव्हती. नको असलेल्या गप्पांतून वडीलधाऱ्या बाईने उठून जावं तशी उठून जात होती. शेवटी हर्षितने जमिनीवर अंग टाकून असं रडं काढलं की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. निशिगंधाने खुर्चीचे हात घट्ट धरले. तिला उमगलं की आपल्या मुलाला सोडून आजवर कोणी उठून गेलेलंच नाही.

परतीच्या वाटेवर ठाकुर्लीच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. हर्षित मागे आईच्या मांडीवर झोपला होता, आबा पुढच्या सीटवर डोळे मिटून. हितेश गाडी चालवत होता.

“कुंडीतलं मला माहीत होतं,” तो आरशात न बघता म्हणाला. “कढीपत्ता सुकत होता म्हणून मी माती बदलायला गेलेलो.”

निशिगंधाने झटकन वर पाहिलं. “मग बोलला का नाहीत?”

“तू घार बोललीस. मला वाटलं, तू लपवतेस, म्हणजे तुझ्यापण मनात तेच असणार. मी बोललो असतो तर ते खरंच झालं असतं ना.” मागून हॉर्न वाजले. गाडी दोन हात पुढे सरकली. “म्हणून तर ग्रेट डेन बघत होतो, निशी. मी बोललो, जनावर एवढं मोठं आणायचं, की याच्या हातून ते मरणारच नाही.”

तिने पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वर्षभर एकाच घरात, एकाच पलंगावर, दोघं एकच ओझं वेगवेगळं वाहत होती. मिरवायला म्हणून आणतोय असं समजून तिने या माणसाला मनातून किती नावं ठेवली होती! तिला लाज वाटली आणि हलकंही वाटलं. आबांनी डोळे उघडले नाहीत, पण ते दोनदा खाकरले.

दुसऱ्या रविवारी हर्षितने युक्ती केली. शेवंती डोळे मिटून पडलेली बघून तो पाठीमागून दबकत गेला आणि तिची शेपटी ओढली. शेवंतीच्या गळ्यातून आवाज आला. मोठा नाही, लांबून ट्रक जाताना काच थरथरते, तेवढाच. ताईंचा हात त्याच्या छातीशी आडवा आलाही होता, पण त्याआधीच पोराने शेपटी सोडली होती. तो डोळे विस्फारून उभा राहिला.

“ती बोलली,” तो म्हणाला.

“काय बोलली?” ताईंनी विचारलं.

हर्षितने विचार केला. निशिगंधाने त्याला असा विचार करताना कधी पाहिलं नव्हतं. “नको बोलली.”

घरात त्याला दिवसातून शंभर वेळा नको म्हटलं जाई, आणि एकशे एकाव्या वेळी घे बाबा म्हटलं जाई. या कुत्रीने एकदाच म्हटलं होतं आणि ते पोचलं होतं. मुठीत धरता न येणारं काहीतरी आपल्या डोळ्यांदेखत घडतंय, असं निशिगंधाला वाटलं.

तरी तिसरा रविवार वाया गेला. हर्षित धावला, शेवंती गेली. तो रडला, ती बसून राहिली. हितेशने न राहवून खिशातला मोबाइल काढला, पोराला गप्प करायला, तर आबांच्या काठीने त्याच्या मनगटावर अलगद टकटक केली. नाहीच जमणार, असं निशिगंधाच्या मनात आलं. पोराला एकदा कळलं आणि परत पुसलं गेलं. ज्याच्या आत ती गोष्टच नाही, त्याला कुत्री काय देणार?

गुरुवारी दुपारी ती कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली आणि दारातच थांबली. हर्षित ग्रिलपाशी मांडी घालून बसला होता. हात गुडघ्यांवर, तळवे उघडे. ग्रिलच्या बाहेर पत्र्यावर दोन कबुतरं. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. बघत नसल्याचं दाखवत होता. कबुतरं काही आली नाहीत, थोड्या वेळाने उडून गेली. तो उठला आणि आत निघून गेला. निशिगंधाने हे कोणालाच सांगितलं नाही. यावेळी लपवायचं म्हणून नव्हे. बोललं तर विस्कटेल अशी तिला भीती वाटली.

चौथ्या रविवारी ताईंच्या अंगणात चाफ्याची सावली अर्ध्यावर आली होती. शेवंती भिंतीशी पडली होती. सोडल्याबरोबर हर्षित धावला, पण चारच पावलं. मग थांबला. तिथेच फरशीवर बसला, मांडी घालून, तळवे गुडघ्यांवर उघडे ठेवून. ताई त्याच्या शेजारी खाली बसल्या, गुडघ्यांची पर्वा न करता.

शेवंतीने एक डोळा उघडला आणि मिटला.

पाच मिनिटं गेली. हितेशने घड्याळ पाहिलं. दहा झाली. नंतर त्याने घड्याळ बघायचं सोडून दिलं. पोराच्या नाकावर माशी बसली, त्याने फुंकरीने उडवली, हात हलवला नाही. आत पिल्लं केकाटत होती, गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला, आणि ते चार वर्षांचं पोर, जे जेवायलासुद्धा एका जागी बसत नव्हतं, वाट बघत बसलं होतं. निशिगंधाने त्याच्या पाठीकडे पाहिलं. इवलीशी पाठ, शर्टातून दिसणारी पाठीच्या कण्याची मणीमाळ. कोणी शिकवलं याला हे? आपण तर नाही. बालवाडीतही नाही. हे याच्या आत होतंच, पहिल्यापासून, आणि त्याला हाक मारायची रीत आपल्याला ठाऊक नव्हती. तिला देवळात वाटतं तसं वाटलं. खरं सांगायचं तर देवळातही इतकं कधी वाटलं नव्हतं.

शेवंती उठली. अंग झटकलं. पलीकडे जाईल असं सगळ्यांना वाटलं, पण ती आली. हळू, एकेक पाऊल टाकत. तिने आधी त्याचा उजवा तळवा हुंगला, मग डावा. मग कोपर, मान, कानाची पाळी. हर्षितचे ओठ घट्ट मिटलेले, डोळे एवढाले. तिने एक सुस्कारा सोडला, त्याच्या पुढ्यात बसकण मारली आणि आपली जड हनुवटी, सगळ्या भारासकट, त्याच्या मांडीवर ठेवून दिली.

हर्षित हलला नाही. बराच वेळ नाही. मग त्याने अगदी दबक्या आवाजात अंगणाला सांगितलं, “कोणी हलू नका.”

कोण हलतंय! आबांची काठी हातातून निसटून मांडीवर आली होती आणि त्यांचे दोन्ही हात कधी जुळले ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. हितेश उघड उघड रडत होता, पुसत नव्हता. योगिनीताई शेवंतीकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि ज्याची वाट बघितली ते आलं की जे दुखतं तेही होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवंतीने मान उचलली, हर्षितचा गाल एकदा चाटला आणि बाजूला बसली. पोराच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, उठताना त्याचा तोल गेला, तरी आधारासाठी त्याने तिला धरलं नाही. ताईंचा खांदा धरला.

“दिली मी,” ताई निशिगंधाला म्हणाल्या. आत जाऊन त्या गळपट्टा आणि साखळी घेऊन आल्या, आणि पोराचा मान म्हणून त्यांनी ती हर्षितच्या पुढे धरली. “घेऊन जायचं ना रे हिला आता?”

निशिगंधाला वाटलं, झडप घालेल. हितेशनेही पुढे व्हायला पाऊल उचललं. हर्षितने साखळीकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

“तिला विचार,” तो म्हणाला.

मग आबा उठले, सावकाश चालत गेले आणि त्यांनी अंगणाचं फाटक सताड उघडलं. एकेक करून सगळे बाहेर गल्लीत जाऊन उभे राहिले. साखळी आत, ताईंच्या हातात. गाडीचं मागचं दार उघडं ठेवलं, आणि कोणी हाक मारली नाही. हर्षित आईच्या शेजारी उभा होता, हात पाठीमागे, एकमेकांत घट्ट गुंफलेले. आली नाही तर? निशिगंधा फाटकावरून नजर हलवेना. पण या वेळी तिला मुलाची भीती वाटत नव्हती. मुलासाठी वाटत होती, चारचौघींसारखी, आणि ते भय तिला साखरेसारखं गोड लागलं.

शेवंती फाटकापर्यंत आली. मागे वळून तिने योगिनीताईंकडे पाहिलं. ताईंनी तोंड चाफ्याकडे फिरवलं होतं. शेवंती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग ती उंबरठा ओलांडून बाहेर आली.